गजरा दुपारच्या मुहूर्तापर्यंत टिकवायचा तर

लग्नाच्या दुपारच्या मुहूर्तापर्यंत मोगऱ्याचा गजरा काळवंडतो, तो कसा टिकवायचा, असा प्रश्न पडतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, ते आहेच. पण आदल्या दिवशीच्या कळ्या मुळात रात्रीच उमलून जातात. गजरा संध्याकाळी आणावाच लागला तर ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये मुळीच नको, पाकळ्या पारदर्शक होऊन तपकिरी पडतात. हेअरस्प्रे आधी मारा, पूर्ण वाळू द्या, मगच गजरा माळा. यू-पिन दोऱ्यावरून घाला, देठात खुपसू नका. अंबाड्याला दर दोन बोटांवर एक. रिसेप्शनला दुसरा गजरा हवाच. नाहीतर मोगऱ्याऐवजी अबोली घ्या; तिला वास नाही, पण ती दिवसभर तग धरते.