खोटं लग्न, हरवलेली आठवण: या नायिकेला माफ करायचं का?

रानजाई

ऐतिहासिक प्रेमकथांमधला एक साचा माझा फार लाडका आहे: लग्नाचं नाटक आणि जोडीला स्मृतिभ्रंश. वर्षानुवर्षं वाचत आले आहे. पण परवा असंच एक कथानक मनात घोळवत असताना एका वाक्यापाशी अडले, ती अजून तिथेच आहे.

कथानक असं. साल 1816, इंग्लंड. आदल्या वर्षी तंबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या धुरळ्याने युरोपात त्या साली उन्हाळा पडलाच नाही. नुसता पाऊस, चिखल, खचलेले रस्ते. लंडनहून उत्तरेकडे निघालेली टपालगाडी उलटते. आत एक वीस वर्षांची मुलगी, पालकाने ठरवलेलं लग्न चुकवून पळालेली. समोरच्या बाकावर एक अनोळखी माणूस. त्याच्या डोक्याला जबर मार बसतो. लोक दोघांना जवळच्या सराईत नेतात. सराईवाली दारातच मुलीला अडवते, "तू कोण याची?" तरुण, एकटी, अंगावरचे कपडे सोडले तर हातात काही नाही. मुलगी म्हणते, "मी त्यांची बायको."

इथवर मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. तिने ते म्हटलं नसतं तर तिला रात्र रस्त्यावर काढावी लागली असती आणि त्या माणसाजवळ बसायला कुणीच नसतं.

तिसऱ्या दिवशी तो डोळे उघडतो. स्वतःचं नाव आठवत नाही. सराईवाली कौतुकाने सांगून जाते की बायकोने तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही हो तुमच्या. ती गेल्यावर तो मुलीकडे बघतो आणि विचारतो, "आपलं लग्न कधी झालं?"

खोलीत आता दोघंच आहेत. ती म्हणते, "मागच्या वसंतात."

हेच ते वाक्य. पहिलं खोटं दारातल्या बाईसाठी होतं, हे दुसरं त्याच्यासाठी आहे. पुढची दोनशे पानं कितीही गोड असली, तो तिच्या प्रेमात आकंठ बुडाला, तरी ते सगळं या दोन शब्दांवर उभं आहे. माफ करायचं का तिला? माझा आजचा कौल: करायचं, पण त्याला आपणहून आठवायच्या आत तिने सांगितलं तरच.

सरळसोट

अजिबात माफ करायचं नाही. एकच करा, पात्रांची अदलाबदल करून बघा. मुलगी बेशुद्ध आहे आणि शुद्धीवर आल्यावर एक अनोळखी पुरुष सांगतो की मी तुझा नवरा. वाचवेल का पुढे एक पान तरी? अंगावर काटा येईल. मग बाईने तेच केलं की ते हळवं कसं होतं?

जुनं दफ्तर

सरळसोट, अदलाबदलीचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण 1816 मध्ये ती अदलाबदल समसमान होत नाही. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात लग्न झालं की बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्व जवळपास संपायचं. तिचा पैसा, दागिना, कमाई नवऱ्याची, जमीन असेल तर तिचं उत्पन्नही त्याच्या हाती. हे बदलायला 1870 आणि मुख्यतः 1882 चा कायदा यावा लागला. पुरुषाने "ही माझी बायको" म्हटलं की तो एका माणसावर हक्क सांगत असतो. बाईने "हे माझे यजमान" म्हटलं की ती स्वतःवरचा हक्क दुसऱ्याला देऊन टाकते, आणि आपल्या कथेत तर ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाला. सुटका म्हणाल तर 1857 पर्यंत पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे. असे जेमतेम 4 घटस्फोट स्त्रियांना मिळाले.

अजून एक, ज्याकडे हे कथानक लिहिणाऱ्यांनी जरूर लक्ष द्यावं. गाडी उलटली ती सीमेच्या अलीकडे की पलीकडे? इंग्लंडात 1754 पासून हार्डविकचा कायदा लागू होता: चर्च हवं, पाद्री हवा, परवाना हवा किंवा तीन रविवारी नावांची जाहीर घोषणा हवी, आणि 21 च्या आतल्यांना परवान्यासाठी पालकाची संमती. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. तिथे दोघांनी साक्षीदारांसमोर "आम्ही नवराबायको" असं कबूल केलं की लग्न झालं. पळून आलेली इंग्लिश जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला धाव घ्यायची ती म्हणूनच. इतकंच काय, नवराबायको म्हणून दीर्घकाळ राहिलं आणि आजूबाजूच्यांनीही तसंच मानलं, तर त्यावरूनही कोर्ट लग्न ग्राह्य धरू शकायचं. हा शेवटचा प्रकार स्कॉटलंडने रद्द केला तो थेट 2006 मध्ये.

म्हणजे सराई सीमेपलीकडे असेल तर हे नाटक दर दिवसागणिक खरं होत चाललंय आणि ते दोघांनाही ठाऊक नाही. मला तर ही कथा तिकडेच घडलेली वाचायला आवडेल.

सरळसोट

दफ्तर, माहिती उत्तम, मनापासून आभार. तरी माझा आक्षेप जागचा हलत नाही. तुम्ही कोर्टातली सत्ता सांगितलीत, मी त्या खोलीतली सांगतोय. त्या खोलीत एकीला सगळं माहीत आहे आणि दुसऱ्याला काहीच नाही. तो तिला हात लावेल तो बायको समजून. ती तो हात लावू देईल तो हा आपला नवरा नाही हे माहीत असून. त्याने होकार दिलाय तो एका न झालेल्या लग्नाला. मालमत्तेचा कायदा कितीही अन्यायाचा असो, त्याची भरपाई या माणसाने का करायची? त्याने तिचं काय वाकडं केलंय?

किनारा

मी सहसा वाचूनच जाते, पण इथे लिहावंसं वाटलं.

काही वर्षांपूर्वी वडिलांना अपघातात डोक्याला मार लागला. सात आठवडे मी त्यांच्या खाटेशी बसून काढले. कादंबऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश म्हणजे पाटी कोरी. प्रत्यक्षात तसं होत नाही. रिबो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने 1881 मध्येच लिहून ठेवलंय की नवं आधी पुसलं जातं, जुनं टिकून राहतं. बाबांना अपघात आठवत नव्हता, आदली दोन-तीन वर्षं विरून गेली होती, पण स्वतःचं नाव, शाळेतल्या कविता, सही, सगळं शाबूत होतं. डोक्याच्या माराने माणूस स्वतःचं नावच विसरला हे फार क्वचित घडतं. आणि पुन्हा डोकं आपटलं की आठवण परत येते ही तर निव्वळ थाप आहे, दुसऱ्या माराने इजा वाढते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. माझं लग्न त्या पुसलेल्या काळात झालं होतं. मी नवऱ्याला समोर उभं केलं आणि म्हटलं, "बाबा, ओळखलंत ना?" बाबा लगेच हसले, "हो तर! कसा आहेस?" इतकं सहज की माझा जीव भांड्यात पडला. तो बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तो मुलगा कोण गं?" दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण दोन शब्द बोलायला आली. बाबांनी तिच्या मुलाबाळांची चौकशी केली, येत जा म्हणाले. ती कोण हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. ज्याला आठवत नाही त्याला सगळ्यात मोठी भीती असते ती आपल्याला आठवत नाही हे उघडं पडण्याची. म्हणून तो कशालाही हो म्हणतो.

तेव्हा रानजाई, तुमच्या त्या खोलीत ती "मागच्या वसंतात" म्हणेल ना, तेव्हा तो चटकन मान डोलावेल. पटलं म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून. नाटक तोही करत असणार. हे मी आजवर एकाही कथेत नीट लिहिलेलं वाचलं नाही आणि याच जागी सगळी गोष्ट आहे असं मला वाटतं.

खोटं मीही बोलले आहे. बाबा एकदा त्यांच्या आईला बोलाव म्हणाले. ती जाऊन वीस वर्षं झाली होती. मी खरं सांगितलं, तर ते आत्ताच बातमी कळल्यासारखे रडले. संध्याकाळी पुन्हा विचारलं तेव्हा म्हटलं, "येते आहे, झोपा तुम्ही." त्याचं मला अजूनही काही वाटत नाही. पण ते खोटं त्यांची रात्र सोपी जावी म्हणून होतं. त्या मुलीचं खोटं कुणाची रात्र सोपी करतंय?

सरळसोट

किनारा, हे लिहिलंत, फार बरं केलंत. मी इतका वेळ जे मांडायला धडपडत होतो ते तुमच्या बाबांच्या त्या एका "हो तर" मध्ये आहे.

शब्दवेडी

किनारा यांच्यापुढे साहित्याचं बोलणं हलकं वाटेल, पण मला या साच्याची बाजू घ्यायची आहे.

विसरणं प्रेमकथेत येतं ते बहुतेक वेळा कुणाला तरी वाचवायला. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण दुष्यंताचं. महाभारतातल्या दुष्यंताला शकुंतला भर दरबारात नीट आठवते. आठवत असून तो तिला नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर म्हणतो की लोकांना शंका राहू नये म्हणून तसं केलं. कालिदासाला हा नायक चालला नाही. त्याने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, आणि राजा एका फटक्यात निर्दोष झाला. विस्मरणाने त्याची लबाडी धुऊन काढली. शकुंतलेने मात्र सोसलं ते दोन्हीकडे सारखंच.

रानजाईंनी मांडलेल्या साच्यात विस्मरण कुणालाच धुऊन काढत नाही. ज्याला आठवत नाही तो स्वच्छ आहेच. जिला सगळं आठवतं तिला रोज सकाळी उठून ते खोटं पुन्हा निवडावं लागतं. प्रेम वाढतं तसतसं खरं सांगणं अवघड होत जातं, कारण आता गमावण्यासारखं काहीतरी असतं. मला यात फसवणुकीची भलामण दिसत नाही, तिची आतून काढलेली तपासणी दिसते. तुम्ही तिला माफ करू नका खुशाल, पण ही गोष्ट लिहूच नये म्हणाल तर मी भांडेन.

उंबरठा

लिहू नये असं कुणी म्हणालेलं नाही, शब्दवेडी. पण खऱ्या इतिहासात याचा शेवट काय झाला तेही समोर असू द्या.

फ्रान्समधल्या आर्तिगा गावातून मार्तँ गेर नावाचा शेतकरी 1548 मध्ये नाहीसा झाला. 1556 मध्ये "मीच मार्तँ" म्हणत एक जण आला आणि त्याच्या बायकोबरोबर, बर्त्राँदबरोबर, तीनेक वर्षं संसार करून राहिला. पुढे वाद कोर्टात गेला. 1560 मध्ये तुलूझच्या न्यायालयात निकाल जवळजवळ त्याच्या बाजूने लागत होता आणि ऐन वेळी खरा मार्तँ लाकडी पायावर चालत हजर झाला. तोतया आर्नो द्यु तील याला मार्तँच्याच घरासमोर फाशी दिलं. बर्त्राँदला आधीपासून माहीत होतं का, यावर लोक आजही वाद घालतात. मला वाटतं तिला माहीत होतं आणि तिने त्याला पत्करलं होतं. असं असेल तर फसवलं गेलं ते गाव.

आपल्याकडे पानिपतावर 1761 मध्ये भाऊसाहेब पडले तरी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नाही, आणि पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याला 1776 मध्ये देहान्त शासन झालं. ती वाट बघणारी बाई आणि तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन हिंडणारा माणूस, हे मला कुठल्याही प्रेमकथेपेक्षा जड जातं. वाट बघणाऱ्याच्या भुकेचा फायदा घेणं, याला माझ्याकडे माफी नाही. विसरलेला माणूसही एक प्रकारे वाटच बघत असतो, स्वतःची.

रानजाई

दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचतेय. वर मी म्हटलं होतं, त्याला आठवायच्या आत तिने सांगितलं तर माफ. किनारा यांचं वाचल्यावर ते मला तोकडं वाटतंय. तो लाजेने मान डोलावत असेल तर एकेक दिवसाचा उशीरही मोठा आहे. आता मी म्हणेन, त्याने तिचा हात हातात घ्यायच्या आत.

आणि दफ्तर, तुम्हाला सराई सीमेपलीकडे हवी होती, मला मात्र ती अलीकडेच हवी. तुम्हीच सांगितलेल्या त्या तीन रविवारांसाठी. इंग्लंडात खरं लग्न करायचं तर पाद्री दोघांची नावं मोठ्याने वाचणार, कुणाची हरकत असेल तर बोला म्हणणार. त्यासाठी त्याला आधी स्वतःचं नाव सापडायला हवं. तिने सगळं सांगितलंय, त्याला त्याचं नाव मिळालंय, पालकाला हरकत घ्यायची मुभा आहे, आणि मागच्या बाकावर बसून ती आपल्या नावाशेजारी ते अनोळखी नाव पहिल्यांदा ऐकतेय. असा शेवट कुणी लिहिला तर मी तिला माफ करेन.

सरळसोट

तो रविवार मीही वाचेन. फक्त मध्ये एक प्रकरण वाढवा. नाव सापडल्यावर त्याला आधी घरी जाऊ दे. आपली माणसं, आपली खोली, आपलं पत्रांचं खोकं बघू दे. तिथून तो परत आला तर एकटा येऊ दे, आणि या वेळी दारात "मी कोण" हे त्याने सांगू दे.