एनआयसीयूतल्या सिस्टरांचं प्रशिक्षण आणि कौतुक: 'संसर्गाविना १०० दिवस'ची पाटी लावावी का?

इन्चार्ज_एनआयसीयू

४० खाटांचं बालरुग्णालय, त्यात ८ खाटांचा एनआयसीयू (नवजात अतिदक्षता विभाग). २२ सिस्टर, ६ मावशी-मामा. निम्म्या सिस्टर वर्षाच्या आत लागलेल्या आहेत. व्यवस्थापनाच्या मनात तीन गोष्टी आहेत:

१. दर महिन्याला 'स्टार नर्स', बोर्डावर फोटो आणि ५०० रुपये.
२. दर्शनी भागात 'सेंट्रल लाइनच्या संसर्गाविना … दिवस' अशी पाटी. (सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या रक्तवाहिनीत हृदयाजवळपर्यंत नेलेली नळी.) १०० दिवस झाले की केक.
३. महिन्यातून एक व्याख्यान, हजेरीवर सह्या, फाइल तयार.

तिसऱ्यातून कुणी काही शिकेल असं वाटत नाही, पण नाही म्हणायचं तर पर्याय हातात हवा. नवी सिस्टर एनआयसीयूत एकटीने बाळ सांभाळायला तयार झाली हे ठरवायचं कशावरून? आणि युनिटचे टप्पे साजरे करायचे तर कोणते? एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) फाइलला चालेल असं हवं, पण नुसतं फाइलपुरतं नको.

लाइन_मोजणारी

पाटीपुरतं बोलते. आधी हिशोब करा.

८ खाटांच्या युनिटमध्ये रोज सरासरी ३ बाळांना सेंट्रल लाइन आहे असं धरू. म्हणजे महिन्याला ९० लाइन-दिवस. आता समजा तुमचा संसर्गाचा खरा दर १००० लाइन-दिवसांना ५ आहे, जो काही अभिमानाने सांगावा असा नाही. तरी महिन्याला अपेक्षित संसर्ग येतात ०.४५. या दरानेही एखादा महिना नुसत्या योगायोगाने कोरा जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. १०० दिवस कोरे जाण्याची २२ टक्के. म्हणजे काहीही न सुधारता पाचात एकदा केक. अख्खं वर्ष कोरं गेलं तर मात्र ती शक्यता अर्ध्या टक्क्याच्या खाली येते, तिथे खरंच काही बदललंय असं म्हणता येईल. लहान युनिटने १०० दिवसांची पाटी लावणं म्हणजे पावसाळ्यात चार दिवस उघडीप मिळाली म्हणून छत्र्या विकून टाकणं.

दुसरं नुकसान जास्त वाईट. पाटीवर ९७ असताना बाळ दूध पचवेना, ॲप्निया (मध्येच श्वास थांबणं) सुरू झाले, तर कल्चर (जंतू शोधायची रक्ततपासणी) पाठवायला हात मागे येतो. किंवा आधी अँटिबायोटिक जातं आणि कल्चर नंतर. किंवा १ मिली रक्त हवं तिथे कसंबसं अर्धा मिली जातं, काही उगवत नाही आणि केसपेपरवर 'क्लिनिकल सेप्सिस', म्हणजे नुसत्या लक्षणांवरून संसर्ग, असं लिहून मोकळे. आकडा शून्य राहतो. बाळाला मात्र संसर्ग झालेला असतोच.

मोजायचंच तर नीट मोजा. रोज ठराविक वेळी, समजा रात्री १२ ला, किती बाळांना लाइन आहे ते लिहायचं. नाभीतल्या नळ्याही सेंट्रल लाइनमध्येच धरायच्या. बऱ्याच ठिकाणी फक्त पिक लाइन (हातापायाच्या शिरेतून आत नेलेली) मोजतात आणि आकडा चुकतो. लाइन दोन दिवसांहून जास्त असेल आणि संसर्गाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी ती जागेवर असेल, तरच तो संसर्ग लाइनच्या खात्यात.

आणि पाटीवर निकालाऐवजी कृती लिहा. राउंडला 'ही लाइन आज खरंच हवी का?' हा प्रश्न कितींदा विचारला, हब (लाइनचं बाहेरचं तोंड) १५ सेकंद घासून सुकू दिला का, नाभीतली नळी कितव्या दिवशी निघाली. सीडीसीच्या (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) २०११ च्या मार्गदर्शनात नाभीच्या रोहिणीतली नळी ५ दिवसांपलीकडे नको आणि शिरेतली जास्तीत जास्त १४ दिवस असं होतं; २०२२ च्या शिफारशींत दोन्ही ७ दिवसांच्या आत काढायला सांगितलंय. मिल्क फीड वाढलं की त्याच्याही आधी काढता येते, फक्त कुणीतरी आठवण करायला हवी. तीच आठवण करणारी सिस्टर कौतुकाला पात्र.

पाटी स्टाफरूममध्ये लावा, दर्शनी भागात नको. नातेवाईक आकडा शून्यावर आलेला पाहतात तेव्हा त्यांचं बाळ आत असतं.

कौशल्यवही

इन्चार्ज ताई, 'तयार झाली' याचं उत्तर महिन्यांत देऊ नका. 'तीन महिने झाले, आता एकटी' हे चालत नाही. कौशल्यांची यादी करा आणि प्रत्येक कौशल्य तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, समोर उभं राहून बघितल्यावर सही. त्यातली एक सही तरी ज्यांनी शिकवलं त्यांची नको, दुसऱ्या सीनियर सिस्टरची. शिकवणाऱ्याला आपल्या शिष्येच्या चुका दिसत नाहीत.

पहिले चार आठवडे तिला ड्यूटी लिस्टमध्ये हात म्हणून मोजू नका. बहुतेक ठिकाणी सगळं इथेच फसतं: लिस्टला नाव लागलं की पहिल्याच रात्री तिच्याकडे तीन बाळं येतात आणि वही कपाटात जाते.

यादी छोटी ठेवा. १२ ते १५ कौशल्यं पुरेत. पहिलं बॅग-मास्क (बॅग दाबून मास्कमधून श्वास देणं). बारकावे:

बॅग नवजाताची, २४० ते ५०० मिली. मास्क ० आणि १ नंबर, दोन्ही वॉर्मरवर (बाळाला ऊब देणारी खाट). ड्यूटी सुरू होताना तळहाताने बॅगचं तोंड बंद करून ती दाबायची. दाब जाणवला पाहिजे आणि पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडल्याचा आवाज आला पाहिजे. सोडल्यावर बॅग लगेच फुगली पाहिजे. धुऊन परत जोडताना व्हॉल्व्हची पातळ चकती राहून जाते किंवा उलटी बसते, आणि ते कळतं थेट बाळाच्या तोंडावर. म्हणून जोडण्याची सहीही यादीत घ्या, आणि ते काम मावशी करत असतील तर त्यांचीही सही.

छाती हलत नसेल तर क्रम ठरलेला: मास्क परत बसवा, मान सरळ करा, तोंड मग नाक साफ करा, तोंड किंचित उघडं ठेवून पुन्हा बघा, दाब वाढवा, शेवटी श्वासनलिकेत ट्यूब. नव्या सिस्टरची नेहमीची चूक म्हणजे मान जास्त मागे टाकणं, मोठ्या माणसासारखी. खांद्याखाली साधारण पाऊण ते एक इंच घडी पुरते. वेग मिनिटाला ४० ते ६०: 'दाब, दोन, तीन' असं तोंडाने मोठ्याने म्हणायला लावा. मनातल्या मनात मोजणारी सिस्टर घाबरली की वेग ८०–९० वर नेते.

कॉम्प्रेशनला (छाती दाबणं) ३:१, म्हणजे तीन दाबांना एक श्वास. मिनिटाला ९० दाब आणि ३० श्वास, म्हणजे एक फेरी २ सेकंदांत. दोघींनी एकत्र केल्याशिवाय हे जमत नाही, त्यामुळे सही जोडीने.

औषधांच्या गणितांची परीक्षा वेगळी. १० गणितं, उत्तीर्ण म्हणजे १० पैकी १०. इथे ६० टक्क्यांना काही अर्थ नाही. गणितं तुमच्याच कपाटातल्या व्हायलवरून बनवा. नमुना:

बाळ १.२ किलो, ॲमिकॅसिन १५ मिग्रॅ प्रति किलो. डोस १८ मिग्रॅ. व्हायल १०० मिग्रॅ/२ मिली असेल तर ०.३६ मिली. हेच व्हायल ५०० मिग्रॅ/२ मिली असेल आणि सवयीने ०.३६ मिलीच काढलं, तर बाळाला ९० मिग्रॅ जातात. पाचपट, मूत्रपिंडाला आणि कानाला. यावर उपाय परीक्षा नव्हे, उपाय खरेदीत आहे: एनआयसीयूच्या कपाटात ५०० चं व्हायल ठेवूच नका. परीक्षेमुळे फक्त ते कपाटात आहे हे कळतं.

ॲड्रेनलिनचंही तसंच. आपल्याकडे ॲम्प्यूल १ मिग्रॅ/मिली मिळतं. नवजाताला १:१०,००० लागतं, म्हणजे १ मिली औषधात ९ मिली नॉर्मल सलाइन. त्यातून शिरेतून ०.१ ते ०.३ मिली प्रति किलो. सिरिंजवर लेबल न लावता ठेवलं की दुसरी सिस्टर तेच परत पातळ करते.

व्याख्यान बंद करा, त्या जागी आठवड्यातून १० मिनिटं, ड्यूटी बदलताना, वॉर्मरवर मॅनेकिन ठेवून. पुनरुज्जीवनाचा कोर्स कितीही चांगला झाला तरी हात काही महिन्यांत विसरतात. रात्रपाळीच्या सिस्टरांना ड्रिलसाठी सकाळी थांबवू नका, ड्रिल पहाटे ५ ला त्यांच्याच पाळीत घ्या. एनएबीएचच्या फाइलला कौशल्यवहीची पानं आणि ड्रिलची तारीख-वेळ हजेरीच्या सह्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मावशी_पण_स्टाफ

'स्टार नर्स'बद्दल. पहिले तीन महिने जोरात चालतं, मग 'आता तिला द्या, तिचं राहिलंय' सुरू होतं आणि सातव्या महिन्यात ती पाळीपाळीने मिळणारी हळदीकुंकवाची वाटी होते. शिवाय निवड करणारे दिवसा असतात, त्यामुळे फोटो दिवसपाळीचे. मावशी-मामा तर यादीतच नसतात. दूध पाजायच्या वाट्या-चमचे उकळणं, पिवळ्या-लाल पिशव्यांमधला कचरा वेगळा करणं, वॉर्मर पुसणं, लाइन_मोजणारी ताईंच्या संसर्गाचं अर्धं गणित तिथेच आहे.

त्यापेक्षा 'वेळेवर पकडलं' अशी वही ठेवा. चूक बाळापर्यंत पोचायच्या आधी थांबवली तर नोंद, आणि नोंद करणाऱ्याचं कौतुक, भले चूक तिची स्वतःचीच का असेना. अट एकच: या वहीतलं काहीही मेमोसाठी वापरायचं नाही. एकदा जरी वापरलं तर वही त्या दिवशी मेली. नोंदी वाढल्या की व्यवस्थापन दचकतं, त्यांना आधीच सांगून ठेवा की सुरुवातीला नोंदी वाढणं चांगलं लक्षण आहे.

कौतुक करताना काय केलं ते नेमकं सांगा. 'छान काम' कुणाला आठवत नाही. 'ॲमिकॅसिनचं ५०० चं व्हायल कपाटात दिसलं, तुम्ही फार्मसीला परत पाठवलंत' हे आठवतं, आणि ऐकणाऱ्या चौघींना तेही शिकायला मिळतं.

५०० रुपयांत काय होतं? त्याच पैशात करण्यासारखं: ड्यूटी लिस्ट महिनाभर आधी, नवजात पुनरुज्जीवनाच्या कोर्सची फी रुग्णालयाने भरणं आणि तो दिवस रजेत न धरणं, नोंदणी नूतनीकरणाला लागणारे सीएनईचे (नर्सिंगच्या सततच्या शिक्षणाचे) तास मिळवून देणं. कौशल्यवही पूर्ण झाली की पगारात ठराविक भत्ता, सगळ्यांना सारखा, कुणाच्या मर्जीवर नाही.

'शिकवलं की सोडून जातात' असं व्यवस्थापन म्हणेल. जातात, सरकारी जागा निघाल्या की जातातच. म्हणून त्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका. न शिकवलेली सिस्टर टिकली तर ते जास्त महाग पडतं.

बालरोग_कोकण

टप्प्यांबद्दल एक तक्रार. '९०० ग्रॅमचं बाळ वाचलं' अशी बातमी पेढ्यांसकट निघते, आणि त्या बाळाची डोळ्यांची तपासणी राहून जाते. आपल्याकडे २००० ग्रॅमखालच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची आरओपी (अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणी जन्मानंतर ४ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल तर २ ते ३ आठवड्यांतच. घरी गेलेलं बाळ या तारखेला परत येत नाही, हे रोजचं दुखणं. म्हणून युनिटचा टप्पा असा ठेवा: या तिमाहीत तपासणी लागू असलेल्या प्रत्येक बाळाची वेळेवर झाली का. डिस्चार्ज कार्डवर 'डोळे तपासा' नको, तारीख, वार आणि जागा हवी. श्रवणाच्या तपासणीचंही तेच.

दुसरा टप्पा कांगारू काळजीचे (केएमसी, बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याचे) तास. बोगोटात १९७८ मध्ये सुरू झालेली ही पद्धत. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास सांगते. 'केएमसी दिलं' अशी टिकमार्क काढून टाका आणि तास लिहा. पहिल्या महिन्यात सरासरी दोन-तीन तास निघेल आणि सगळे गप्प होतील. मग कारण शोधा. बहुतेकदा कारण आईची अनिच्छा नसते, टेकायची खुर्ची नसते, किंवा आईच्या जेवणाची वेळ आणि राउंडची वेळ एकच असते. आजी किंवा बाबाही देऊ शकतात. ज्या पाळीने तास वाढवले त्या पाळीचं कौतुक करा, एकटीचं नको.

बाळाचे स्वतःचे टप्पे खाटेवर कार्ड लावून लिहिता येतात: पहिलं केएमसी, ऑक्सिजन सुटला, जन्माचं वजन परत आलं, नळीशिवाय पूर्ण दूध. हे आईलाही वाचता येतं, त्यामुळे मराठीतच लिहा. मुंबईत सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदूध पेढी सुरू झाली. दूध देणाऱ्या आईचं नाव कौतुकाच्या यादीत घेण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर उत्तम, तिला विचारून.

विचारण्यावरून: बाळाचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकून स्टाफचं कौतुक करायचं नाही. आईवडिलांची लेखी संमती, मराठीत, आणि ती डिस्चार्जच्या वेळी मागा. बाळ आत असताना कुणी नाही म्हणू शकत नाही.

इन्चार्ज_एनआयसीयू

सगळ्यांचे आभार. पाटी स्टाफरूममध्ये नेते, कौशल्यवही या महिन्यात छापून घेते. एक अडचण: औषधाचं गणित दोघींनी वेगवेगळं करून पडताळायचं असं ठरवलं, पण रात्री आत दोनच सिस्टर, एक फीडमध्ये अडकलेली. मग दुसरी नुसती 'बरोबर आहे' म्हणून सही करते.

कौशल्यवही

ती पडताळणी नाही, ताई. दुसरीला पहिलीचं उत्तर दाखवलं की तिचा मेंदू तेच उत्तर काढतो. दोघींनी आपापल्या कागदावर करून मग कागद शेजारी ठेवायचे, याला एक मिनिट लागतं.

पण रात्रीसाठी गणितच कमी करा. प्रत्येक बाळाच्या खाटेवर त्याच्या वजनाने आधीच काढलेला तक्ता लावा: ॲड्रेनलिन, सलाइन बोलस, १० टक्के डेक्स्ट्रोज, ट्यूबचा नंबर आणि ती किती आत घालायची ते. दिवसा दोघींनी पडताळून सही केलेला. सगळी औषधं नकोत, घाईत लागणारी तेवढीच. बाकी नेहमीच्या डोसांची गणितं दिवसपाळीने पुढच्या २४ तासांसाठी करून ठेवायची, म्हणजे रात्री फक्त ताजी ऑर्डर पडताळायची राहते. दुसरी सिस्टर फीडमध्ये असेल तर अँटिबायोटिक १५ मिनिटं थांबू शकतं, ते थांबवायला तिला परवानगी आहे हे लिहून द्या.

बालरोग_कोकण

तक्त्यावर कोणतं वजन घ्यायचं तेही लिहा. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं तेव्हा जन्माचंच वजन धरायचं, ते ओलांडलं की तक्ता बनवायच्या दिवशीचं. नाहीतर सोमवारचा तक्ता एका वजनाचा आणि फाइलमधली ऑर्डर दुसऱ्याच, असं होतं. तक्त्याच्या कोपऱ्यात वजन आणि तारीख, आणि दर सोमवारी जुना तक्ता फाडून टाकायचा.