मदत हवी आहे: बोट भंगारात चालली, गॅलीतला तवा घरी नेता येईल का?

नमस्कार मंडळी. मी बोटीवर चीफ कुक, गाव हेदवीजवळ. मधल्या सुट्ट्या सोडल्या तर गेली ११ वर्षं एकाच बोटीच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात आहे. बोट कोस्टलवर. जयगडला कोळसा नाहीतर आयर्न ओअर भरायचं आणि भरती बघून धरमतरच्या खाडीत शिरायचं. कंपनीने ती आता विकली, गुजरातेत अलंगला बोटी तोडतात तिथे जाणार. पुढच्या आठवड्यात आम्ही बहुतेक सगळे जयगडला साइन ऑफ होतोय, म्हणजे बोट सोडतोय. डिलिव्हरीला मोजकी माणसं राहतील.

मदत दोन बाबतीत हवी आहे. आधी तव्याचं सांगतो.

कंपनीचे तवे पातळ, त्यावर घावनं चिकटायची. सात वर्षांपूर्वी आमच्या फिटरने उरलेल्या १० मिमी प्लेटमधून गोल कापला, कडेला मूठ वेल्ड केली आणि आणून दिला. वजन सहा किलोच्या आसपास. पहिले तीन दिवस नुसतं काळं सोडत होता. कांदा आणि तेल चोळून चोळून त्याला वळणावर आणला. आता घावन असं सुटतं की उलथणं नावालाच. बोट लोळायला लागली की पीठ एका अंगाला धावतं, मग घावन इकडून पापड आणि तिकडून धिरडं. जाड बाजू कुठली ते बघून सेकंड इंजिनिअर वाऱ्याची दिशा सांगायचा. नेहमी चुकायचा.

हा तवा स्टोअरच्या कुठल्याच यादीत नाही. पण प्लेट तर बोटीचीच ना? गेटवर बॅगा तपासतात. कॅप्टनला विचारायची लाज वाटते. एवढ्या वर्षांत चमचा उचलला नाही आणि जाताना तवा मागायचा?

दुसरं बायकोचं. तिला बोटीची ओटी भरायची आहे. "अकरा वर्षं तिने तुम्हाला सांभाळलंन, तिला रिकामी कशी पाठवायची?" मी म्हटलं, अगं ती सासरी नाही चालली, तोडायला चाललीय. तेव्हा गप्प बसली. संध्याकाळी बघतो तर नारळ सोलून, शेंडी राखून देवापुढे ठेवलेला. आमच्या सड्यावरून रात्री बोटींचे दिवे दिसतात, ती प्रत्येक दिव्याला आमचीच बोट समजते. घरच्यांना पोर्टात आत घेतात का? आणि ओटी भरताना नाव कुठलं घ्यायचं? बोटीचं हे तिसरं नाव. ऊन तिरकं पडलं की मागे रंगाखाली पहिल्या नावाच्या वेल्डिंगच्या रेघा अजून दिसतात.

जुना_सारंग: कुकभाऊ, लाज कसली? बोट विकताना करारात सामानासकट विकतात, पण खलाशांच्या वैयक्तिक वस्तू त्यातून वगळलेल्या असतात. तवा त्यात बसतो की नाही हे कॅप्टनने म्हणायचं. म्हणून इन्व्हेंटरीची मोजदाद व्हायच्या आत विचारा, नंतर तोही अडकतो. त्याच्या सही-शिक्क्याचं पत्र घ्या आणि गेटपास एजंटकडून करून घ्या. पत्रात वस्तूचं वर्णन नीट लिहा, नुसतं 'भांडी' लिहिलंत तर गेटवर बॅग उपसतील. बोटीच्या घंटेला मात्र हात लावू नका, तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

मी अलंगला डिलिव्हरीला गेलोय. उधाणाची भरती गाठायची आणि इंजिन पूर्ण जोरात ठेवून सरळ किनाऱ्यावर घालायची. आयुष्यभर बोट जमिनीला लागू नये म्हणून जपायचं आणि त्या दिवशी मुद्दाम लावायची. ओहोटीला खाली उतरलो तेव्हा मागे वळून बघवेना. तुम्ही जात नाही आहात तेच बरं.

खाडीकाठ: २००४ मध्ये आयएसपीएस कोड, म्हणजे बोटी आणि बंदरांच्या सुरक्षेचे नियम आले, तेव्हापासून घरच्यांना आत नेणं कठीण झालंय. एजंटमार्फत ओळखपत्राच्या झेरॉक्स आगाऊ द्याव्या लागतात, कॅप्टन आणि पोर्ट सिक्युरिटी दोघांनी होकार द्यावा लागतो. आठवडा कमीच पडेल. नाहीच जमलं तर वहिनींना सांगा, बोट उत्तरेला जाणार म्हणजे तुमच्या हेदवीसमोरूनच जाणार.

वाटसरू७: सहा किलो लोखंडासाठी एवढा धागा? बाजारातून बिडाचा आणा.

जुना_सारंग: वाटसरू, तुम्ही बोटीवरचं घावन खाल्लेलं नाही. बाकी भंगाराची बोट एलडीटीवर, म्हणजे रिकाम्या बोटीच्या वजनावर विकतात. तेव्हा कुकभाऊ, घेणाऱ्याला सहा किलो कमी पडणार हे लक्षात ठेवा :)

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय. कॅप्टनला विचारलं तर म्हणाला, आधी घावनं घाल, मग सही. सतरा घातली. पत्रावर 'लोखंडी तवा, गोल, हाताने बनवलेला, १ नग' असं लिहून शिक्का मारला. गेटवरच्या माणसाने तवा दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि काही न बोलता परत ठेवला. तिथून फेरीने तवसाळला उतरलो. सगळ्या प्रवासात तो मांडीवरच होता.

बायकोला पोर्टात जायचा पास मिळाला नाही. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी सुटली. आम्ही हेदवीच्या बामणघळीच्या वरच्या कातळावर उभे होतो. रिकामी असल्यामुळे पाण्याच्या खूप वर दिसत होती, खालचा लाल रंगही दिसला, अशी मी तिला बाहेरून कधी बघितलीच नव्हती. बायकोने हळद-कुंकू लावून नारळ पाण्यात सोडला. नाव घंटेवरचं घेतलं, पहिलं.

आता नवा प्रश्न. बोटीवर हॉट प्लेट सपाट, तिथे तवा नीट बसायचा. घरच्या गॅसवर तो स्टँडसकट कलंडतोय. चुलीवर ठेवला तर इतकी जाड प्लेट मधेच तापेल की सगळीकडे सारखी? आणि मूठ कापून कान लावून घेऊ का? फिटरचं वेल्डिंग आहे, तोडायचं मन होत नाही.