लग्नात लाइव्ह बँड हवा असेल, तर कोल्हापुरात लॉन नको, बंदिस्त कार्यालयच घ्यावे

शाहूपुरीकर (धागा यांनी सुरू केला) :
भाचीच्या स्वागत समारंभात डीजेऐवजी आठ जणांचा लाइव्ह बँड ठरवायचा आहे आणि त्यासाठी महामार्गालगतचे लॉन घ्यावे, असा घरातल्या तरुण मंडळींचा आग्रह आहे. मला तो पटत नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकच काय, वाद्येही वाजवता येत नाहीत. सवलत आहे ती सभागृहासारख्या बंदिस्त जागांना, आणि तीही आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. आपल्याकडे गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, की फोटो, आहेर आणि स्टेजवर चढणारी रांग यांत साडेआठ सहज वाजतात. म्हणजे लॉनवर बँडला जेमतेम दीड तास मिळणार, आणि त्यातलाही काही वेळ निवेदक मान्यवरांची नावे वाचण्यात घालवणार. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत वळीव कधी कोसळेल याचा भरवसा नसतो, आणि बँडच्या ध्वनी-मिक्सरवर ताडपत्री टाकून गाणे होत नाही.

हलगी ते गिटार :
मी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो आणि आपल्या मताशी पूर्णपणे असहमत आहे. आपली बहुतेक कार्यालये अक्षता आणि पंगत डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली आहेत. वर पत्रा, खाली ग्रॅनाइट, दोन्ही बाजूंना काचा. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ६ मीटर उंच असे दालन धरले आणि त्याचे सगळे पृष्ठभाग असे टणक असले, तर हिशेबाने ते रिकामे असताना आवाज विरायला चार सेकंदांच्या आसपास लागतात. चारशे माणसे येऊन बसली की माणसांचे अंग आणि कपडे बराच आवाज शोषून घेतात, तरीही हा काळ पावणेदोन सेकंदांच्या खाली फारसा येत नाही. ड्रम आणि बास गिटार असलेल्या संगीताला तो एका सेकंदाच्या जवळपास असावा लागतो. तसे नसले की एक ठोका विरण्याआधी पुढचे चार ठोके त्यावर आदळतात, गायिकेचे शब्द कळेनासे होतात, लोक ‘आवाज वाढवा’ म्हणतात आणि वाढवला की गोंधळही तितकाच वाढतो. लॉनवर आवाज परतवायला भिंतच नसते. दहाच्या मर्यादेवर उपाय एकच : संगीत सात वाजता सुरू करावे आणि आहेराची रांग त्याच्या सुरांवर पुढे सरकू द्यावी.

भाचीचा चुलतभाऊ :
पण परवानगी काढली तर बारापर्यंत वाजवता येते ना? गणपतीत तर वाजते.

शाहूपुरीकर :
ती सूट राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकते, आणि तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी. आपल्या घरचे लग्न त्यात बसत नाही.

राजारामपुरीतला शेजारी :
आपण दोघेही पाहुण्यांच्या कानांचा विचार करीत आहात. मी कार्यालयाच्या कुंपणाला लागून राहतो. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि खासगी जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढ चालत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरसमोर ४ मीटरवर १०० डेसिबल असेल, तर ६४ मीटरवर ७६ उरतो. ६० पर्यंत उतरायला चारशे मीटर लागतात. एवढे मोठे लॉन कोणाकडे आहे? आणि बंदिस्त कार्यालयाचे म्हणाल, तर उकाड्यामुळे सगळ्या खिडक्या सताड उघड्या असतात. त्याला बंदिस्त म्हणणे ही निव्वळ पळवाट आहे.

हलगी ते गिटार :
हिशेब बरोबर आहे, पण १०० डेसिबलची गरज कोणाला आहे? तो डीजेचा आकडा झाला. शिवाय लॉनवर स्पीकर वस्तीकडे पाठ करून लावता येतात. अर्थात बासचा आवाज पाठीमागेही जातो, हे मान्य करावे लागेल.

शाहूपुरीकर :
शेजाऱ्यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो आणि तो माझ्याच बाजूने जातो : वातानुकूलित, काँक्रीटच्या स्लॅबचे आणि खिडक्या बंद राहतील असे दालन शोधावे. पत्र्याच्या कार्यालयाची बाजू मी घेतलेलीच नाही. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ध्वनिक्षेपक नसण्याच्या काळातले. तिथे नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे हीच बांधणीची कसोटी होती. ऑगस्ट २०२४ मधल्या आगीत ते जळाले तेव्हा आपण सगळे हळहळलो, पण नवे कार्यालय बांधताना आवाजाचा विचार केला का, असे मालकाला कोणी विचारीत नाही. निदान स्टेजमागे आणि समोरच्या भिंतीवर जाड चुण्यांचे पडदे लावून घेता येतात. ड्रम सेटऐवजी ढोलकी आणि कहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी) घेतले तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

उजळाईवाडी :
विजेचे कोणीच बोलले नाही. ध्वनियंत्रणेला रोषणाईपासून वेगळी जोडणी आणि नीट अर्थिंग लागते, नाहीतर दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर फिरवला की स्पीकर गुणगुणतो. जनरेटरवर मंडपाचे दिवे, कुलर आणि बँड एकत्र टाकणाऱ्या लॉनवाल्याकडे जाऊच नये.

हलगी ते गिटार :
ढोलकी-कहोनची सूचना चांगली आहे, पण आठ जणांचा बँड ठरवून त्यातला ड्रमवाला घरी बसवायचा, तर मग चौघांचाच बोलवा, पैसेही वाचतील. आगाऊ रक्कम देण्याआधी साऊंडवाल्याला सोबत घेऊन दालन रिकामे असताना मधोमध उभे राहून एक जोरदार टाळी वाजवा. ती फडफडत परत आली, तर मालकाने पडद्यांचे कितीही आश्वासन दिले तरी तिथून निघावे. माझे मत अजूनही लॉन आणि सात वाजताचे संगीत हेच आहे, मात्र तारीख फेब्रुवारीतली धरा.

शाहूपुरीकर :
तारीख गुरुजींनी मे महिन्यातली काढली आहे.