वर्गात शून्य टाकणारा पोरगा डीपीच्या वर्गणीत पहिला कसा?

गोदाकाठचा मास्तर
राम राम मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. सार्वजनिक वस्तूंचा भाग फळ्यावर कितीही रंगवला तरी पोरं जांभया देतात, म्हणून यंदा खेळच लावला. चौघांचा गट, प्रत्येकाला 20 गुण. त्यातले हवे तेवढे चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे. डब्यातली बेरीज 1.6 ने गुणून मी चौघांत सारखी वाटणार. सगळ्यांनी 20 टाकले तर प्रत्येकी 32. तिघांनी टाकले आणि एकाने हात आखडला तर त्याला 44, बाकीच्यांना 24. चिठ्ठीवर नाव नाही, नुसता नंबर, तो फक्त मला माहीत.

शेवटच्या बाकावरचा एक पोरगा पहिल्यापासून शून्य. चिठ्ठीची घडी मात्र काटेकोर, चार पदरी. विचारलं तर म्हणतो, "सर, एक टाकला तर चाळीस पैसेच परत येतेत की." गणित बिनचूक. स्टाफरूममध्ये निकाल लागून गेला: त्याचा स्वभावच तसा.

पण त्याच्याच गावचे एक सर आमच्याकडे आहेत. ते सांगतात, ऐन रब्बीत शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तेव्हा वर्गणी सगळ्यात आधी यानेच आणून दिली. रात्री ट्रॅक्टरवर डीपीला धरून बसला तोही हाच.

मग माणूस नेमका कोणता खरा? की 'खरा' असं काही नसतंच? वाचनवाल्यांनी सांगावं, शेतीवाल्यांनीही सांगावं.

बीबीका_शेजारी
सर, तुमच्या प्रश्नावर बेतावा तसा एक प्रयोग झालेला आहे. लिबरमन, सॅम्युएल्स आणि रॉस यांचा, 2004 मध्ये छापलेला. स्टॅनफर्डच्या वसतिगृहातल्या मुलांची देखरेख करणाऱ्यांना आधी विचारलं: यातला सांभाळून घेणारा कोण, दगा देणारा कोण? मग दोन्ही प्रकारच्या मुलांना कैद्यांच्या पेचाचा, म्हणजे साथ द्यायची की दगा हे ज्याने त्याने ठरवायचा, एकच खेळ दिला. बदललं ते फक्त नाव. काहींना सांगितलं हा 'वॉल स्ट्रीट' (शेअर बाजाराचा) खेळ, काहींना 'कम्युनिटी' (समाजाचा) खेळ. पहिल्या नावाखाली साधारण एक तृतीयांश मुलांनी साथ दिली, दुसऱ्या नावाखाली दोन तृतीयांश. आणि देखरेखवाल्यांचे अंदाज? जवळपास कुचकामी. इस्रायलमध्ये वैमानिकी शिकणाऱ्यांवर हेच करून पाहिलं, तिथे नावं 'बुर्सा' (शेअर बाजार) आणि 'कोम्मुना' (कम्यून). कल तोच.

तुम्ही पोरांना 'गुण' दिलेत. गुण म्हटलं की बारावीच्या पोराला स्पर्धाच दिसणार ना!

पण म्हणून स्वभाव निकालात काढू नका. प्रामाणिकपणा आणि विनय मोजणारं एक परिमाण आहे. समोरच्याला उलट काही करताच येत नाही, अशा खेळात कोण किती वाटून देईल याचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी येतो. माझं मत असं, की धाक, शेजार आणि उद्याचा दिवस हे तिन्ही काढून घेतले की उरतो तो स्वभाव. तुमचा डबा त्याच्या बराच जवळ जातो. डीपी नाही.

रात्रीची_लाईट
मास्तर, औसा तालुक्यातून लिहितो. पुस्तकातलं मला काय कळत नाही, पण डीपीचं सांगतो.

लाईट आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतेत. लोड येतो, डीपी बसते. सगळ्यांना ठाऊक हाय, तरी स्विच कोणी काढत नाही, कारण मी एकट्याने काढला तर रात्री दोनला मलाच बांधावर जावं लागतंय आन बाकीचे घोरायलेत. तुमच्या डब्यातला खेळ तो हाच. तिथं आम्ही समदे शून्यवाले.

वर्गणीची गोष्ट येगळी. पारावर वही असती. कोणी दिले, कोणी नाही, सगळं गाव बघायलंय. हरभरा घाट्यावर आलेला, आठ दिवस पाणी हुकलं तर गेलाच. त्यात न देणाऱ्याला पुढच्या येळी सावडीला बैल मिळत नाही. ते पोरगं काय देवमाणूस नसंल, पण येडं बी नाही.

अडतं ते पहिल्या पैशापाशी. सगळे खिशात हात घालून एकमेकांकडं बघत उभे. एकाने टाकले की पाठोपाठ पडतेत. आन जो पहिले टाकतो त्यालाच लोक म्हनतेत, "लई पुढारी झालास का?" मास्तर, हे कामून?

गोदाकाठचा मास्तर
दादा, स्विचचं उदाहरण उद्याच वर्गात सांगतो. तुमच्या 'कामून'वर कोणी बोलेल का?

बीबीका_शेजारी
काका, 'एकाने टाकले की पाठोपाठ' हे तर मोजलेलं आहे. फिशबाखर, गेख्टर आणि फेर यांनी 2001 मध्ये दाखवलं, की निम्म्याच्या आसपास लोक 'तू देशील तर मी देईन' अशा वळणाचे असतात आणि साधारण तिसरा हिस्सा काही झालं तरी शून्य टाकतो.

पुढारी म्हणून टोमणा मारणं आपल्याकडचंच नाही. 2008 मध्ये 16 शहरांतल्या खेळांची तुलना छापून आली. पदरचे गुण घालून दुसऱ्याला दंड करायची त्यात मुभा होती. अपेक्षा अशी, की लोक फुकट्याला ठोकतील. तसं झालंही. पण मस्कत आणि अथेन्सला जास्त देणाऱ्यालाही बराच दंड बसला. कारणं अनेक सांगतात. मला वाटतं, जास्त देणारा बाकीच्यांना उघडं पाडतो, ते खुपतं.

तुमच्या कामाचं आणखी एक. आंध्रात गावकऱ्यांना भूजलाचा खेळ दिला होता: जास्त पाण्याचं पीक घ्यायचं की कमी पाण्याचं. जिथे खेळ झाला त्या गावांत नंतर पाण्याचे नियम आणि नोंदवह्या ठेवण्याचं प्रमाण जास्त निघालं.

रात्रीची_लाईट
तसा खेळ ऑटो स्विचचा ठेवा की मास्तर. आमच्याकडं या, चहा माझ्याकडून.

गोदाकाठचा मास्तर
येतो. त्याआधी दोन तुकड्या करतो. एकीत खेळाचं नाव 'शेअर बाजार', दुसरीत 'डीपीची वर्गणी', बाकी आकडे तेच. कोण किती टाकेल याचे अंदाज स्टाफरूमकडून आधीच लिहून घेऊन लिफाफा बंद. एकच अडचण राहते. एका गावची पोरं एकाच बाकावर बसतात, आणि खुणावण्यात ती पटाईत. गट पाडताना गावं फोडू का तशीच राहू देऊ?

बीबीका_शेजारी
एका तुकडीत फोडा नि दुसरीत ठेवा असं करू नका, मग फरक नावामुळे की गावामुळे, काहीच कळणार नाही. दोन्हीकडे फोडा. गावांचा खेळ नंतर वेगळा घ्या.