समोरच्या कंपनीतला तो (किंवा ती): तुमचे अनुभव लिहा

काल माळा साफ करताना माझी जुनी डिटेलिंगची (डॉक्टरांना औषधांची माहिती द्यायला न्यायची) बॅग सापडली. चेन गंजलेली, आत २००४चं व्हिज्युअल एड आणि कोपऱ्यात त्याच्या कंपनीचं पेन. तिथेच स्टुलावर बसून राहिले.

मी मिरजेत एमआर (औषध कंपनीची प्रतिनिधी) होते, तो दुसऱ्या कंपनीत. दोघांकडे ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल ४०, तेच डॉक्टर, तेच केमिस्ट. ओपीडी संपेपर्यंत, म्हणजे दुपारचे दोन-अडीच, एकाच बाकावर. आरसीपीए करताना (कुठला ब्रँड किती जातो ते केमिस्टकडे बघायचं) त्याचे आकडे दिसले की माझी रात्रीची झोप जायची. इतका राग मी आयुष्यात कुणाचा केला नाही.

मग एका मार्चमध्ये बाबांना ॲडमिट केलं. क्लोजिंगचे (महिनाअखेरीच्या विक्रीचा हिशोब) शेवटचे तीन दिवस, टार्गेट अर्धवट. ३० तारखेला त्याचा फोन. "तासगावच्या केमिस्टने तुमची ऑर्डर सांगितलीय, लिहून घ्या." स्वतःच्या महिनाअखेरीला तो माझ्या ब्रँडची ऑर्डर वाचून दाखवत होता. हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून मी ती बाबांच्या रिपोर्टच्या पाकिटावर लिहून घेतली. त्या महिन्यात त्याचं टार्गेट हुकलं, हे मला लग्नानंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

लग्नानंतर दोन वर्षं आम्ही त्याच टेरिटरीत होतो. शेवटच्या आठवड्यात घरात ब्रँडचं नाव काढायचं नाही, एवढाच नियम. नवीन स्कीम काय, हे त्याने कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

तुमच्यापैकी कुणाचं असं काही? लिहा ना.

सांगलीची_सून
क्लोजिंग शब्द वाचूनच पोटात गोळा आला गं. आमचे हे २२ वर्षं एमआर. ३१ मार्चला आमच्याकडे कुणी जेवत नाही.

पाऊसवेडा
ताई, विषय निघालाच आहे तर, पॅन्टोप्राझोल उपाशीपोटीच घ्यायची ना? आई नाश्त्यानंतर घेते.

काळा_कोट
आमचं कोर्टात. अपघात दाव्याचं अपील, मी विधवा बाईकडून, तो विमा कंपनीकडून. तारीख मुंबईत, त्यामुळे दोघंही कोल्हापूरहून महालक्ष्मीने. रात्रभर एकाच डब्यात, केसबद्दल अवाक्षर नाही. सकाळी उभा राहिला की त्या बाईच्या नवऱ्याच्या पगाराचा एकेक कागद खोडून काढायचा. चीड यायची. पण एकदाही खोटं बोलला नाही, आणि मला तेच आवडत गेलं.
साखरपुड्याआधी मी पक्षकाराला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हीच राहा वकीलबाई. तरी तोच त्या केसमधून बाजूला झाला. आता ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरलाच हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय. पक्षकारांची मोठी सोय झाली. मला मात्र ती गाडी आठवते.

गोदाकाठ
नाशिक. दोन वेगळे पेपर, बीट (बातम्यांचं क्षेत्र) एकच. २०१५च्या सिंहस्थात एक मोठी बातमी त्याला मिळाली, मला चुकली. सकाळी त्याचा पेपर आमच्याच दारात पडलेला. संपादकांचं ऐकून घरी आले तर त्याने भात लावून ठेवला होता. काही बोलला नाही. मी जेवले, मग रडले. मुलीला शाळेतून आणायचंय, बाकीचं नंतर.

एक_मास्तर
लातूर. ती केमिस्ट्रीची, मी पण. समोरासमोर क्लासेस. बारावीचा निकाल लागला की दोघांचे बोर्ड शेजारीशेजारी लागायचे. सहा वर्षं. विचारेन विचारेन म्हणत राहिलो. तिच्या क्लासमधली मुलं फोडायला बोलतोय असं तिला वाटेल, ही भीती. ती आता पुण्यात असते.

सांगलीची_सून
सर 😔 वाचून काय लिहावं कळेना.

काळा_कोट
सर, तिलाही माहीत असणार. बोर्ड रोज दिसत होता ना.

न्यूजर्सीकर
इकडचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जेम्स कारव्हिल आणि मेरी मॅटालिन. १९९२च्या निवडणुकीत तो क्लिंटनच्या प्रचारात, ती थोरल्या बुशच्या. पुढच्याच वर्षी लग्न केलं. ज्याचा माणूस हरला, त्याच्या शेजारी बसून जेवायचं म्हणजे केवढी ताकद लागत असेल.

तंबोरा
मिरज वाचून थांबलो. आमचे आजोबा दरवर्षी तानपुरा जवारीला (सूर खुलावा म्हणून घोडी घासून घ्यायला) तिथे सतारमेकर गल्लीत न्यायचे. तानपुऱ्याची बॅग मला पण आठवते, हिरव्या कापडाची. विषयांतर झालं, माफ करा.

धागाकर्ती
विषयांतर कसलं, आम्ही त्या गल्लीतूनच कॉलला जायचो. तो तिथे मुद्दाम गाडी हळू करायचा, तारा लावताना ऐकू यायचं म्हणून.
@पाऊसवेडा, हो, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. किती महिने घेतायत? खूप दिवस झाले असतील तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.
मास्तर, तुमचं दोनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. दूध उतू जातंय, येते परत.

पाऊसवेडा
आठ महिने झाले ताई. उद्याच नेतो आईला.