झेंडावंदनाची हजेरी म्हणजेच देशभक्ती का?

नेरूळकर:
आमच्या सोसायटीत यंदा २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला न आलेल्यांची नावे जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिली गेली आणि त्यांत रात्रपाळी संपवून सकाळी सातला घरी परतलेल्या एका परिचारिकेचेही नाव होते. निष्ठावान नागरिकाची कर्तव्ये कायद्याने कुठे सांगितली आहेत काय?

ठाणे पूर्व:
सांगितली आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१क मध्ये दहा मूलभूत कर्तव्ये आली आणि २००२ मध्ये अकरावे जोडले गेले. राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर पहिल्याच खंडात आहे. परंतु आदर आणि हजेरीपट एक नव्हेत. केरळमधील तीन विद्यार्थी राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहत, मात्र धार्मिक श्रद्धेमुळे ते गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले गेले, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत प्रवेश देण्यास सांगितले.

वाशी खाडीकाठ:
त्याच अनुच्छेदात वने, नद्या आणि वन्य जीव यांचे रक्षण करण्याचेही कर्तव्य आहे, ते कोणी फळ्यावर लिहीत नाही. आमच्याकडे झेंडावंदनानंतर उपम्याच्या प्लेटा थेट नाल्यात गेल्या, आणि तो नाला ठाणे खाडीला मिळतो, जिथे रोहित पक्षी येतात व जिला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला. (उपमा मात्र उत्तम होता.)

नेरूळकर:
आभारी आहे. त्या ताईंचे नाव मी काल पुसले. खडूचा पुसट ठसा अजून दिसतो.